संवेदक म्हणून मायक्रोफोन (परस्परसंवादी कला)

परस्परसंवादी इलेक्ट्रॉनिक कलेत मायक्रोफोनचा उपयोग अनेकदा संवेदक म्हणून केला जातो. अशा वापरात मायक्रोफोनने टिपलेला ध्वनी मोठा करून ऐकवणे किंवा ध्वनिमुद्रित करणे हा हेतू नसतो. त्या ध्वनीचे मोजमाप केले जाते आणि मिळालेल्या आकड्यांनुसार प्रकाश, हालचाल, चित्र किंवा दुसरा ध्वनी नियंत्रित केला जातो. प्रेक्षकाचे बोलणे, टाळी, पावलांचा ठेका, वाद्याचा सूर किंवा नुसती शांतता यांपैकी काहीही अशा कलाकृतीला चालना देऊ शकते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसणारा ‘टाळी वाजवताच पेटणारा दिवा’ हे या तत्त्वाचे सर्वांत परिचित रूप होय.

कोणता ध्वनी ऐकायचा, त्याचा कोणता गुण मोजायचा आणि कशाकडे दुर्लक्ष करायचे, हे तीन निर्णय अशा कलाकृतीच्या मुळाशी असतात. ते स्थळानुसार बदलतात. शहरातील बंदिस्त कलादालनात योग्य ठरलेली मांडणी पालघर जिल्ह्यातील जव्हार किंवा मोखाडा येथील पत्र्याच्या छपराखाली, पावसाळ्यात, तारप्याच्या अखंड सुरापुढे निरुपयोगी ठरू शकते. म्हणून या लेखात सर्वसाधारण माहितीबरोबर या दोन तालुक्यांतील ध्वनिपरिसराचाही विचार केला आहे.

संज्ञा

‘मायक्रोफोन’ हा शब्द लहान आणि आवाज या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्ये तो क्षीण ध्वनी ऐकण्याच्या एका साध्या यांत्रिक साधनासाठी वापरला. विद्युत उपकरणासाठी तो १८७८ मध्ये डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांच्या प्रयोगांनंतर रूढ झाला.

मराठीत या उपकरणास ‘ध्वनिग्राहक’ असा नेमका शब्द आहे. व्यवहारात मात्र ‘माइक’ हाच शब्द चालतो, आणि वृत्तपत्रांत पुष्कळदा ‘ध्वनिक्षेपक’ असे लिहिले जाते. ध्वनिक्षेपक म्हणजे ध्वनी फेकणारा, अर्थात लाउडस्पीकर. ग्राहक आणि क्षेपक ही कार्ये परस्परविरुद्ध आहेत. प्रस्तुत लेखात मायक्रोफोन हा शब्द ध्वनिग्राहक याच अर्थाने योजला आहे. भोवतालच्या एखाद्या भौतिक राशीतील बदल ओळखून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनास ‘संवेदक’ म्हणतात. ज्या पातळीच्या पलीकडे संकेत गेला असता कृती घडते, त्या पातळीस ‘उंबरठा’ असे म्हटले जाते.

इतिहास

ध्वनीवर चालणाऱ्या कलाकृतींचा विकास प्रामुख्याने १९६० च्या दशकात झाला. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील एका लष्करी कवायतगृहात कलावंत आणि बेल प्रयोगशाळेतील अभियंते यांनी मिळून ‘नाइन ईव्हनिंग्ज’ ही प्रयोगमालिका सादर केली. त्यातील रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या ‘ओपन स्कोअर’ या प्रयोगात टेनिसच्या रॅकेटींना स्पर्श-मायक्रोफोन जोडले होते. चेंडूचा प्रत्येक फटका सभागृहात घुमत असे आणि त्यासरशी एकेक दिवा विझत जाई. सर्व दिवे विझल्यावर खेळ संपे.

राउशेनबर्ग यांचीच १९६८ मधील ‘साउंडिंग्ज’ ही कृती या प्रकारातील आद्य उदाहरणांपैकी एक मानली जाते. पारदर्शक फलकांवर खुर्चीच्या प्रतिमा छापून त्यांमागे दिवे बसवले होते. प्रेक्षक गप्प राहिला तर पुढच्या चकचकीत पृष्ठभागात त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसे. तो बोलला, गायला किंवा त्याने टाळ्या वाजवल्या, की आवाजाच्या वारंवारतेनुसार वेगवेगळे दिवे लागत आणि खुर्च्या प्रकट होत. ही कृती आता जर्मनीतील कोलोन येथील लुडविग संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी लंडनमध्ये ‘सायबरनेटिक सेरेन्डिपिटी’ या प्रदर्शनात एडवर्ड इहनाटोविच यांचे ‘सॅम’ हे शिल्प मांडले गेले. त्याच्या फुलासारख्या शिरोभागात चार मायक्रोफोन होते. त्यांतील संकेतांची तुलना करून ते शिल्प आवाजाच्या दिशेने वळत असे. ते मोठ्या गोंगाटाकडे न वळता हलक्या पण टिकून राहणाऱ्या आवाजाला प्रतिसाद देई, हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९७० मध्ये नेदरलँड्समधील आइंटहोवन येथे मांडलेले त्यांचे ‘सेन्स्टर’ हे संगणकनियंत्रित शिल्प मंद आवाजाकडे झुके आणि फार मोठा आवाज झाल्यास मागे सरे.

१९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी विकसित केलेल्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनमुळे हे साधन पुढे अतिशय स्वस्त आणि लहान झाले. ‘प्रोसेसिंग’ ही कलावंतांसाठीची संगणक-भाषा २००१ मध्ये आली. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये ‘आर्डुइनो’ हा सूक्ष्मनियंत्रक फलक तयार झाल्यावर अशी रचना विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली. गोलन लेव्हिन आणि झॅकरी लीबरमन यांच्या ‘मेसा दी व्होचे’ (२००३) या प्रयोगात गायकाच्या आवाजातून पडद्यावर आकृती उमटत. राफाएल लोझानो-हेमर यांच्या ‘व्हॉइस ॲरे’ (२०११) या कृतीत मात्र प्रेक्षकाचा आवाज साठवून तो दिव्यांच्या रांगेत पुढे सरकवला जातो. मोजमाप आणि साठवण यांतील फरक या दोन कृती शेजारी ठेवल्या असता चांगला लक्षात येतो.

मायक्रोफोनचे प्रकार

डायनॅमिक मायक्रोफोन – पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात हलते व वीज निर्माण होते. सभासमारंभात हातात धरला जाणारा माइक बहुधा याच प्रकारचा असतो. तो दणकट असून दमटपणा सोसतो. मात्र त्याचा संकेत फार क्षीण असल्याने प्रवर्धक आवश्यक असतो.

इलेक्ट्रेट मायक्रोफोन – कायम विद्युतभारित पदार्थामुळे यास स्वतंत्र उच्च दाबाची गरज नसते. प्रवर्धकासह छोट्या फलकावर बसवलेला हा प्रकार प्रायोगिक कामांत सर्वाधिक आढळतो.

स्पर्श-मायक्रोफोन – यात दाबविद्युत गुणधर्म असलेली चकती असते. हा गुणधर्म झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. चकती ज्या वस्तूला चिकटवली असेल तिची कंपने ती टिपते. हवेतील ध्वनी तिला जवळजवळ ऐकू येत नाही. जोराच्या आघाताने चकतीत मोठा विद्युतदाब निर्माण होऊ शकतो. म्हणून तिच्या समांतर साधारण १ मेगाओहमचा रोधक जोडण्याची पद्धत आहे.

मेम्स मायक्रोफोन – सिलिकॉनवर कोरलेला अतिसूक्ष्म प्रकार. मोबाइल फोनमध्ये हाच असतो. यातील काही प्रकार थेट अंकीय संकेत देतात.

कार्यपद्धती

संकेताचे आकड्यांत रूपांतर

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विद्युतदाबात रूपांतर करतो, प्रवर्धक तो दाब वाढवतो आणि सूक्ष्मनियंत्रक ठरावीक कालांतराने त्याचे वाचन घेतो. आर्डुइनो उनो या फलकावर प्रत्येक वाचन ० ते १०२३ या मर्यादेतील एक पूर्णांक असते आणि नेहमीच्या मांडणीत सेकंदाला सुमारे १०,००० वाचने होतात. ज्या वेगाने वाचने घेतली जातात त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता विश्वसनीयपणे ओळखता येतात. म्हणजे येथे ही मर्यादा ५,००० हर्ट्झच्या आसपास येते, आणि मानवी आवाज व बहुतेक लोकवाद्ये यांच्यासाठी ती पुरेशी आहे.

शांततेत हा संकेत शून्यावर नसतो. संकेताची मधली रेषा पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे ५१२ च्या जवळपास, ठेवणाऱ्या मांडणीत ध्वनी त्या रेषेच्या वर-खाली झुलतो. त्यामुळे एखादे सुटे वाचन ध्वनीची तीव्रता सांगत नाही. मोठ्या आवाजातही एखाद्या क्षणी वाचन नेमके ५१२ येऊ शकते. नवशिक्यांच्या अनेक रचना येथेच फसतात.

तीव्रता

तीव्रता काढण्यासाठी एका लहान कालखंडातील वाचनांचा एकत्रित विचार करतात. उदाहरणार्थ, ५० मिलिसेकंदांच्या खिडकीत सुमारे ५०० वाचने येतात. त्यांतील कमाल व किमान वाचनांमधील अंतर घेणे ही सोपी रीत होय. मधल्या रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेणे ही अधिक स्थिर रीत होय. मानवी श्रवण दाबाच्या पटीला प्रतिसाद देत असल्याने तीव्रता डेसिबलमध्ये मांडणे सोयीचे असते. दाब दुप्पट झाला की पातळी ६ डेसिबलने आणि दहापट झाला की २० डेसिबलने वाढते. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास पातळी साधारण ६ डेसिबलने घटते. त्यामुळे एकाच ठिकाणी बसवलेल्या मायक्रोफोनला जवळचे कुजबुजणे आणि दूरचे ओरडणे सारखेच भासू शकते.

उंबरठा

एकच उंबरठा ठेवल्यास त्याच्या आसपास घुटमळणाऱ्या आवाजाने दिवा थरथरत राहतो. यावर उपाय म्हणून दोन उंबरठे ठेवतात. वरचा ओलांडला की दिवा लागतो आणि पातळी खालच्याच्या खाली गेली तरच विझतो. टाळी ओळखताना एका टाळीनंतर थोडा काळ नव्या टाळीची दखल घेतली जात नाही, अन्यथा भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी दुसरी टाळी म्हणून मोजला जातो. भोवतालचा गोंगाट दिवसभरात बदलत असल्यास उंबरठा स्थिर न ठेवता गेल्या काही सेकंदांच्या सरासरीहून ठरावीक प्रमाणात वर ठेवणे श्रेयस्कर असते.

वारंवारता

सूर किती उंच आहे हे कळण्यासाठी ‘जलद फूरिए रूपांतर’ वापरले जाते. ही गणनपद्धती जेम्स कूली आणि जॉन टूकी यांच्या १९६५ मधील शोधनिबंधामुळे सर्वत्र पोहोचली. सेकंदाला ८,००० वाचने घेऊन त्यांतील २५६ वाचनांचे रूपांतर केले, तर प्रत्येक पट्टा ३१.२५ हर्ट्झ रुंदीचा होतो आणि त्यासाठी ३२ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. १,०२४ वाचने घेतल्यास पट्टा ७.८ हर्ट्झ इतका अरुंद होतो, पण प्रतीक्षा १२८ मिलिसेकंदांवर जाते. सुराची अचूकता आणि प्रतिसादाची तत्परता यांत अशी निवड करावीच लागते.

दिशा

दोन मायक्रोफोन एकमेकांपासून दूर ठेवल्यास ध्वनी त्यांच्यापाशी वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणून २० सेंटिमीटर अंतरावरील दोन मायक्रोफोनमध्ये जास्तीत जास्त ०.५८ मिलिसेकंदाचा फरक पडतो. या फरकावरून ध्वनीची दिशा ठरवता येते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांनी मायक्रोफोन हे साधन आणि प्रतीक अशा दोन्ही अंगांनी हाताळले आहे. त्यांच्या ‘सिंगिंग क्लाउड’ (२००८–०९) या कृतीत हजारो मायक्रोफोनचा एक काळा ढग छतापासून लोंबतो. ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’ (२०१७–१८) या मांडणीत लेखनामुळे तुरुंगवास भोगलेल्या १०० कवींच्या ओळी १०० मायक्रोफोनमधून ऐकू येतात. ही मांडणी २०१८ च्या कोची-मुझिरिस बिएनालेत आणि २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत दाखवण्यात आली. दोन्ही कृतींत मायक्रोफोन उलट जोडणीने लाउडस्पीकरसारखे वापरले आहेत, म्हणजे ऐकणारे साधन येथे बोलू लागते. डायनॅमिक मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर यांची मूळ रचना एकसारखीच असल्याने तत्त्वतः असा उलटा वापर शक्य असतो. या कृती संवेदक-कलेच्या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाहीत. तथापि कोणाचे ऐकले जाते आणि कोणाचे नाही, हा या साधनामागील प्रश्न त्या थेटपणे उभा करतात.

जव्हार आणि मोखाडा परिसरातील ध्वनी

जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. जव्हार व मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून झालेल्या पालघर जिल्ह्यात आले. येथे वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. या परिसरातील ध्वनींचा विचार केल्यास संवेदकाच्या निवडीतील जवळपास प्रत्येक प्रश्न समोर येतो.

तारपा

तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून बनवलेले सुषिर वाद्य आहे. सांधे मेणाने बंद केलेले असतात. वादक गालात हवा राखून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. टाळीसाठी बनवलेल्या एकाच उंबरठ्याच्या रचनेला तारपा म्हणजे एक प्रदीर्घ टाळी वाटते. वादन सुरू होताच दिवा लागतो आणि वादन थांबेपर्यंत तसाच राहतो. या वाद्याच्या बाबतीत किती मोठे वाजले यापेक्षा सूर केव्हा पालटला हे मोजणे आवश्यक ठरते. त्यासाठी लागोपाठच्या दोन खिडक्यांतील वारंवारता-पट्ट्यांची तुलना करून त्यांतील फरक वाढला की कृती घडवून आणतात.

तारपानृत्यातील नर्तकही हेच करतात. एकमेकांना धरून वादकाभोवती फिरणारी साखळी सुरावट बदलताच पदन्यास बदलते. वारली चित्रांत सर्पिलाकार साखळीच्या मध्यभागी तारपावादक दिसतो, त्यामागे हीच व्यवस्था आहे. वादन आणि प्रतिसाद यांचा असा संबंध या परिसरात इलेक्ट्रॉनिक साधनांच्या फार पूर्वीपासून प्रस्थापित आहे.

बोहाडा

बोहाडा हा मुखवटे धारण करून देवदेवतांची सोंगे नाचवण्याचा उत्सव जव्हार-मोखाडा भागात रात्रभर चालतो. संबळ आणि सनई यांच्या साथीवर सोंग नाचते. संबळाचे ठोके तीक्ष्ण आणि वेगळे असल्याने तीव्रतेवर आधारित रचना येथे चांगले काम करते. मात्र गर्दीचा आवाज, सनईचा सूर आणि संबळाचे ठोके एकाच मायक्रोफोनमध्ये मिसळतात. अशा वेळी वारंवारतेची गाळणी लावणे किंवा वादकाच्या अनुमतीने वाद्याच्या कडेला स्पर्श-मायक्रोफोन बसवणे हे दोन उपाय असतात. सार्वजनिक जागी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाच्या वापरावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निर्बंध आहेत. म्हणून ध्वनीला ध्वनीनेच उत्तर देणाऱ्या मांडणीपेक्षा प्रकाशाने उत्तर देणारी मांडणी अशा प्रसंगी सोयीची ठरते.

पाऊस आणि छप्पर

सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतच्या या भागात पावसाळा जोरदार असतो. पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या सरीचा आवाज सर्व वारंवारतांवर पसरलेला असतो, त्यामुळे त्याला गाळणीने पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. स्थिर उंबरठ्याची कलाकृती अशा वेळी सतत जागी राहते. बदलता उंबरठा ठेवल्यास ती पावसाची सवय करून घेते, पण हलका आवाज तिला ऐकू येईनासा होतो. स्पर्श-मायक्रोफोन वाद्यावर किंवा लाकडी फळीखाली बसवल्यास पावसाचा अडथळा बराच कमी होतो. मात्र छपराची कंपने खांबांवाटे फळीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून फळीखाली रबराचे तुकडे द्यावे लागतात. नुसत्या मातीच्या अंगणात पावलांची कंपने झपाट्याने विरतात, म्हणून नर्तकांचा ठेका टिपायचा असल्यास फळीची आवश्यकता असते.

उदाहरणादाखल मांडणी

पुढील रूपरेषा वरील मुद्दे एकत्र दाखवण्यासाठी दिली आहे. शाळेच्या सभागृहात भिंतीवर तारपानृत्याच्या सर्पिलाकृतीत दिवे बसवायचे आहेत आणि ते तारप्याच्या सुरानुसार मध्यापासून बाहेरच्या दिशेने उजळावयाचे आहेत, असे समजू.

१. प्रथम वादन नसताना सभागृहातील आवाजाची पातळी किमान काही मिनिटे मोजून नोंदवावी. मुलांची वर्दळ असताना आणि नसताना अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात.

२. मायक्रोफोन वादकापासून साधारण एका हाताच्या अंतरावर ठेवावा. अंतर जितके कमी, तितका वाद्याचा वाटा भोवतालच्या आवाजाच्या तुलनेत अधिक.

३. आवाज आपोआप समतोल करणारा प्रवर्धक टाळावा. तो हलका आवाज वाढवतो आणि मोठा दाबतो. भाषणाच्या ध्वनिमुद्रणासाठी हा गुण उपकारक असला तरी तीव्रता मोजताना तोच दोष ठरतो.

४. सुरावट पालटली, की दिव्यांचे एकेक वलय पुढे सरकावे. तीव्रतेचा उपयोग केवळ उजेड कमी-जास्त करण्यासाठी करावा.

५. वादन थांबल्यावर दिवे एकदम न विझता काही सेकंदांत मंदावावेत. वाजवणाऱ्याला दोन सुरावटींच्या मध्ये थांबण्याची मोकळीक त्यामुळे मिळते.

६. शेवटची चाचणी प्रत्यक्ष वादकासमवेत घ्यावी. मोबाइलवरील ध्वनिमुद्रण लहान लाउडस्पीकरमधून वाजवून केलेली चाचणी दिशाभूल करते, कारण त्यातून खर्जाचे सूर जवळजवळ नाहीसे झालेले असतात.

सामान्य अडचणी

वीजपुरवठ्याची गुणगुण – भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अपुऱ्या आच्छादनाच्या लांब तारांमध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झचे संकेत शिरतात. आच्छादित तार वापरणे, ती विजेच्या वायरीपासून दूर नेणे आणि प्रवर्धक मायक्रोफोनच्या शेजारी ठेवणे हे त्यावरील उपाय होत. बॅटरीवर चालणाऱ्या रचनेत ही अडचण कमी होते आणि वीज खंडित झाली तरी प्रदर्शन चालू राहते.

स्वतःचेच ऐकणे – कलाकृती ध्वनीनेच उत्तर देत असेल, तर तो ध्वनी तिच्याच मायक्रोफोनमध्ये शिरून साखळी सुरू होते. उत्तर देताना मायक्रोफोनचे वाचन तात्पुरते थांबवणे हा सरळ उपाय आहे.

मोटारीची खरखर – हलत्या शिल्पात मोटारीची कंपने सांगाड्यावाटे मायक्रोफोनपर्यंत पोहोचतात. मायक्रोफोन स्पंजात बसवून सांगाड्यापासून अलग ठेवला जातो.

वारा आणि दमटपणा – उघड्यावर वाऱ्याचा झोत पडद्यावर आपटून मोठा खोटा संकेत देतो. स्पंजाचे आवरण त्याला अटकाव करते. पावसाळ्यात इलेक्ट्रेट मायक्रोफोनची संवेदनक्षमता बदलू शकते व जोडांवर गंज चढतो. म्हणून वापर नसताना साधने बंद डब्यात आर्द्रताशोषक पुडीसह ठेवली जातात.

उंबरठ्याचा पक्षपात – उंबरठा बहुधा रचना करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या आवाजावर बेतलेला असतो. लहान मूल, वृद्ध किंवा संकोची प्रेक्षक यांचा आवाज त्याखाली राहतो आणि कलाकृती त्यांना गप्पच वाटते. चाचणी वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींकडून करवून घेतल्यास हा दोष लवकर ध्यानात येतो.

भाषा, साठवण आणि संमती

ध्वनीचे मोजमाप करणारी कलाकृती भाषेवर अवलंबून नसते. बोललेले शब्द ओळखणाऱ्या संगणकीय प्रणाली ज्या भाषांचे विपुल ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे त्या भाषांतच चांगल्या चालतात. वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलासमोर अशी प्रणाली अडखळते, आणि चूक मुलाची असल्याचा भास निर्माण होतो. तीव्रता, लय व सूर मोजणाऱ्या रचनेपुढे मात्र प्रमाण मराठी बोलणारा आणि वारली बोलणारा समान पातळीवर असतात. आदिवासी भागातील आश्रमशाळा व प्रयोगशाळांच्या दृष्टीने हा तिचा मोठा गुण होय.

मायक्रोफोन दिसताच आपले बोलणे नोंदले जात असल्याची शंका येणे स्वाभाविक आहे. ही शंका तांत्रिक रचनेतूनच दूर करता येते. आर्डुइनो उनोची कार्यस्मृती २ किलोबाइट असते. सेकंदाला ८,००० वाचने प्रत्येकी एका बाइटमध्ये ठेवली, तरी ती सर्व स्मृती वापरूनही जेमतेम पाव सेकंदाचा आवाज मावतो. अशा फलकावर स्वतंत्र साठवणूक किंवा संपर्कयंत्रणा जोडलेली नसेल, तर संभाषण नोंदले जाऊ शकत नाही. संगणक किंवा मोबाइलवर आधारित रचनेबाबत अशी खात्री देता येत नाही. ज्या आवाजावरून व्यक्ती ओळखता येते, तो अंकीय स्वरूपात साठवल्यास भारतात अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील संमतीविषयक तरतुदींचा विचार करावा लागतो. काय मोजले जाते, काय साठवले जाते आणि किती काळ, हे प्रदर्शनस्थळी तेथील लोकांच्या भाषेत लिहून ठेवणे व वाचून दाखवणे हा त्यामुळे रचनेचाच एक भाग ठरतो.

पारंपरिक वादनाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा उद्भवतो. तारप्याचा सूर किंवा बोहाड्यातील वादन हे विशिष्ट ऋतू, विधी आणि जाणकार वादक यांच्याशी निगडित असते. सूर मोजून दिवे उजळणे आणि तोच सूर मुद्रित करून वादकाशिवाय वारंवार वाजवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात वादक उपस्थित असल्याखेरीज कलाकृती चालूच शकत नाही. दुसऱ्या प्रकारात वादकाची गरज संपते. संवेदक म्हणून वापरलेला मायक्रोफोन वादकाला कलाकृतीच्या केंद्रस्थानी ठेवतो, हा या पद्धतीचा जव्हार-मोखाड्यासारख्या जिवंत वादनपरंपरेच्या प्रदेशातील विशेष लाभ होय. वाद्याला चकती चिकटवणे, वादनाची वेळ ठरवणे आणि प्रदर्शनानंतर साधने कोणाकडे राहतील हे ठरवणे या बाबींत वादकाचा निर्णय अंतिम मानणे उचित ठरते.

हेही पहा

तारपा
बोहाडा
वारली चित्रकला
ध्वनिग्राहक
संवेदक
आर्डुइनो
जव्हार तालुका
मोखाडा तालुका